विचार बदला, तिमाही संपत आली

'उद्या आल्या आल्या मला जरा भेट.'

हा निरोप मी रात्री साडेनऊला आमच्या खात्यातल्या एका मुलाला पाठवला आणि शांतपणे झोपलो. मुलगा देवगडकडचा. त्याच्या मामाची हापूसची कलमं आहेत, हे कँटीनमध्ये कानावर आलं होतं. एखादी पेटी घरपोच मिळेल का, एवढंच विचारायचं होतं. आंब्यांची चौकशी ऑफिसच्या ग्रुपवर बरी दिसत नाही, म्हणून खासगीत निरोप.

सकाळी तो माझ्या टेबलासमोर उभा राहिला तेव्हा डोळे तांबारलेले, दाढी राहिलेली आणि हातात एक पारदर्शक फोल्डर. फोल्डरमध्ये गेल्या वर्षीचं अप्रेझलचं पत्र, काही ईमेलच्या प्रिंट आणि सगळ्यात वर राजीनामा.

"सर, माझी बाजू एकदा ऐकून घ्या."

"कसली बाजू?"

"त्या भोसरीच्या बिलाची. डेबिट नोटचा घोळ माझ्यामुळे झाला नव्हता."

कुठलं बिल आणि कसली डेबिट नोट, मला गंधही नव्हता. गड्याने एका रात्रीत स्वतःवर आरोपपत्र ठेवलं होतं, खटला चालवला होता आणि शिक्षाही सुनावून टाकली होती. बायकोने घराच्या हप्त्यांचं गणित मांडलं होतं. सासऱ्यांनी 'सरळ कुडाळला या, आपलं हार्डवेअरचं दुकान आहे' असं कळवलं होतं. आईने तर रवळनाथाला गाऱ्हाणंसुद्धा घातलं होतं.

"आंबे मिळतील का?" मी विचारलं.

तो खुर्चीत बसला. बराच वेळ नुसता बसून राहिला. मग दबक्या आवाजात म्हणाला, "आंबे म्हणजे... नक्की कुठल्या महिन्यातले, सर?"

आंबे हीसुद्धा त्याला एखादी डेबिट नोटच वाटत होती.

मी पोट धरून हसलो. अर्थात, हसण्याइतकी माझी स्वतःची लायकी नव्हती. त्याच आठवड्यात आमच्या मोठ्या साहेबांचा मला मेसेज आला : 'फोन कर.' बस्स, दोन शब्द. फोन लावला तर एंगेज. पुन्हा लावला, पुन्हा एंगेज. तेवढ्या वेळात मी पीएफची शिल्लक काढली, मुलीच्या क्लासचा राहिलेला हप्ता आठवला आणि या वयात आपल्याला कोण घेणार, याचा विचार करून तळेगावातल्या एका शाळेत बस सुपरवायझर म्हणून रुजूही झालो. शेवटी फोन लागला. साहेब म्हणाले, "अरे, तुला चुकून गेला. बायकोला पाठवायचा होता."

आंब्यांचा किस्सा मी कँटीनमध्ये रंगवून सांगितला, इथे घात झाला. शेजारच्या टेबलावर एचआरच्या मॅडम होत्या. एचआरला विनोद ऐकू येत नाहीत, फक्त 'इश्यू' ऐकू येतात. संध्याकाळपर्यंत सगळ्या मॅनेजरना ईमेल : 'आपल्या खात्यातील सहकाऱ्यांच्या नकारात्मक विचारसवयी तिमाहीअखेर बदलणे.' सोबत एक एक्सेल. त्यात रकाने होते कर्मचारी क्रमांक, जुना विचार, नवा विचार, बदल झाल्याची तारीख आणि पुरावा (फोटो जोडावा).

मी मॅडमना गाठलं. "विचाराचा फोटो कसा काढायचा?"

"सर, तो फॉर्म फाइव्ह एसच्या फॉर्मवरून बनवलाय. कपाट आवरायच्या आधीचा एक फोटो आणि आवरल्यानंतरचा एक. तसंच करा."

"माणसाचं तसं कसं करणार?"

"आधीच्या फोटोत न हसता उभं करा," मॅडम म्हणाल्या.

आमचा कारखाना चाकणला. आम्ही गाड्यांचे जोडभाग बनवतो. मटेरियल खातं माझ्याकडे. म्हणजे खरेदी, स्टोअर आणि त्या दोघांतली भांडणं. विचार बदलायचे म्हणजे काय याचं शिक्षण मॅनेजरना आणि त्यांच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांना मिळावं म्हणून एक दिवसाची कार्यशाळा ठेवली. प्रशिक्षक मोठे अभ्यासू होते. त्यांच्यामुळे जेवणानंतरच्या सत्रातही चार-पाच जण जागे राहिले.

त्यांनी फळ्यावर तीन अक्षरं काढली : ए, बी, सी. आमचे स्टोअरचे काका ताठ बसले. मालाचं एबीसी वर्गीकरण करण्यात त्यांचा जन्म गेलेला.

"सी म्हणजे नट-बोल्ट, बरोबर ना?" काका म्हणाले.

"नाही. ए म्हणजे घडलेली घटना. सी म्हणजे आपल्यावर झालेला परिणाम. आपल्याला वाटतं, एमुळे सी झालं. पण दोघांच्या मध्ये बी बसलेला असतो. तो सगळा घोळ घालतो."

"मध्ये बसून घोळ घालतो म्हणजे खरेदीवाले," काकांनी वहीत लिहून घेतलं.

बी म्हणजे त्या घटनेबद्दलची आपली समजूत, असं प्रशिक्षकांनी समजावलं. ही मांडणी अल्बर्ट एलिस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाची. जन्म 1913, पिट्सबर्ग. हा माणूस तरुणपणी बायकांशी बोलायला भयंकर लाजायचा. एकोणिसाव्या वर्षी त्याने ठरवलं की ही लाज मोडायची. महिनाभर रोज न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स बोटॅनिकल गार्डनमध्ये जायचं आणि बाकावर एकटी बसलेली बाई दिसली की शेजारी बसून गप्पा सुरू करायच्या. शंभरेक बायकांशी तो बोलला. त्यातली एक पुन्हा भेटायला तयार झाली आणि तीही आली नाही.

"म्हणजे फेल," प्रॉडक्शनचे मॅनेजर म्हणाले. ते कुठल्याही आकड्याची टक्केवारी आधी काढतात.

"नाही! त्याला कळलं की नकार मिळाला तरी आभाळ कोसळत नाही. त्यातूनच पुढे 1955 मध्ये त्याने आपली उपचारपद्धती मांडली."

"हाच प्रयोग त्याने संभाजी बागेत केला असता ना," काका म्हणाले, "तर उपचारपद्धती थेट पोलीस चौकीत मांडावी लागली असती."

एलिस पुढे आपल्याकडे येणाऱ्या लोकांनाही असले उद्योग सांगायचा. केळ्याला दोरी बांधा आणि भर रस्त्यातून ते फिरवून आणा. लोक हसतील. हसू देत. हसण्याने कुणी मरत नाही, हे अंगात मुरलं पाहिजे. मी डोळे मिटून लक्ष्मी रोडवरून केळं फिरवून पाहिलं. एकही माणूस हसला नाही. दोघांनी "कसं दिलं डझन?" म्हणून विचारलं आणि तिसरा म्हणाला, "मंडईत जा. इथे फसवतात."

ही विद्या महाराष्ट्रात रुजवली ती कि. मो. फडके यांनी. डॉ. आनंद नाडकर्णींनी 1990 मध्ये ठाण्यात आयपीएच ही संस्था काढली आणि तिथूनही ती पुष्कळ लोकांपर्यंत पोचली. आमच्या कारखान्यापर्यंत मात्र इतकी वर्षं आली नव्हती. गेटपास नसेल.

शेवटी प्रशिक्षक म्हणाले, "माणूस दुःखी होतो तो तीन हट्टांमुळे, असं एलिस सांगतो. मी उत्तमच केलं पाहिजे, लोकांनी माझ्याशी नीटच वागलं पाहिजे आणि जग मला सोयीचंच असलं पाहिजे."

मागून मोठे साहेब म्हणाले, "तीनच? यांच्या केआरएमध्ये मी सतरा टाकलेत."

दुसऱ्या दिवसापासून मी खात्यातल्या विचारांच्या मागे लागलो. शोधायला लांब जावं लागलं नाही. प्रशिक्षकांनी दिलेल्या कागदावरची प्रत्येक सवय आमच्याकडे कायमच्या नोकरीवर होती.

पहिले अर्थात काका. काकांचा विषय प्रलय. भोसरीहून ऑइल सील घेऊन निघालेला टेंपो तळेगाव चौकात अडकला, एवढी बातमी त्यांना पुरते. तळेगाव चौकात टेंपो अडकणं ही आमच्याकडे बातमीच नाही, अडकला नाही तर बातमी. पण काकांचा श्वास वर लागतो.

"साहेब, संपलं. आता लाईन थांबते."

कागदावर उपाय दिला होता : अशा माणसाला अडवू नका. 'मग पुढे काय होईल?' असं विचारत न्या. शेवटी त्यालाच कळतं की इतकं काही बिघडत नाही.

"बरं काका, लाईन थांबली. मग पुढे काय?"

काका चपापले. तीस-पस्तीस वर्षांच्या नोकरीत 'काका, तुमचं आपलं काहीतरीच' एवढंच त्यांनी ऐकलेलं. कुणीतरी पुढचं विचारलं, हे पहिल्यांदाच घडत होतं.

"मग कस्टमरची लाईन थांबणार."

"मग?"

"मग कस्टमर दुसऱ्याकडे जाणार. आपल्या ऑर्डरी बंद. ओव्हरटाइम बंद. मग कंत्राटी पोरं कमी. मग आपण." एव्हाना फोर्कलिफ्टवाला इंजिन बंद करून ऐकायला आला होता. दोन पॅकर आले. काकांचा आवाज चढला. "मग कंपनी विकणार. जागा बिल्डरला जाणार. इथे मॉल होणार. हे बघा, या रॅकच्या जागी सरकता जिना."

"मग?"

"मग काय..." काका थांबले. डोळे बारीक करून त्यांनी रॅककडे पाहिलं. "मॉलला पार्किंग लागणार. पार्किंगला जुना, माहितीचा माणूस लागणार."

"म्हणजे तुम्ही?"

"हो. वॉचमनची केबिन आहे तिथेच बसायचं. सावली असते." चेहरा निवळला. "म्हणजे माझं भागतंय तसं."

आणि खरोखर काका शांत झाले. मी खूश होऊन एक्सेलमध्ये नोंद केली. जुना विचार : कंपनी बुडणार. नवा विचार : बुडू दे.

दुसऱ्या म्हणजे खरेदीतल्या एक ताई. त्या लोकांच्या मनातलं वाचतात, तेही लोक हजर नसताना.

"सर, आपला लॉट आज रिजेक्ट होणार."

"कशावरून?"

"क्वालिटीच्या मॅडम रोज मला बघून हसतात. आज हसल्या नाहीत."

इथे कागदावरचा उपाय सोपा होता. एकच प्रश्न विचारायचा, 'पुरावा काय?' अंदाज आणि वस्तुस्थिती वेगळी करायला माणसाला शिकवायचं. मी म्हटलं, "ताई, जाऊन सरळ विचारा त्यांना." ताई गेल्या आणि दहा मिनिटांत परत आल्या.

"त्यांची दाढ दुखतेय."

"बघा! म्हणजे तुमचा अंदाज चुकीचा होता."

"हो सर. लॉट मात्र रिजेक्ट केलाय."

पण 'पुरावा काय' हा प्रश्न खात्याला भलताच आवडला. इतकी वर्षं तो विचारायचा मक्ता माझ्याकडे होता, आता तो सर्वांसाठी खुला झाला. मी म्हणायचो, "हे अर्जंट आहे." समोरून यायचं, "पुरावा, सर?" मी म्हणायचो, "कस्टमर चिडलाय." तर, "तसं ते बोललेत, की आपण त्यांच्या मनातलं वाचतोय?" एका सप्लायरला मी सांगितलं की तुमचं पेमेंट पुढच्या आठवड्यात नक्की. त्यानेही पुरावा मागितला. तो कार्यशाळेला आला नव्हता. त्याला ही बुद्धी अनुभवाने आली होती.

तिसरा आमचा एमआयएस करणारा मुलगा. याची सवय म्हणजे सगळं तरी, नाहीतर काहीच नाही. उद्याच्या तुटवड्याचा रिपोर्ट तो परवा द्यायचा, कारण दशांशचिन्हं एका रेषेत येत नसत. मी त्याला समजावलं, "अरे, शंभर टक्के नको. अर्धवट असला तरी चालेल, पण वेळेवर पाठव." मुलगा आज्ञाधारक. त्या संध्याकाळी पाचच्या ठोक्याला ईमेल आला : 'सर, उद्या दुसऱ्या शिफ्टला लाईन थांबण्याची दाट शक्यता आहे, कारण'.

ईमेल तिथेच संपत होता.

आता या सगळ्यांच्या डोक्यात शिरून थोडी डागडुजी केली की काम झालं, अशी माझी समजूत होती. पण आमच्या प्रॉडक्शनच्या मॅनेजरनी एक दिवस विषय काढला. ते म्हणाले, "हे कौतुक, समजावणं, सगळं फुकट आहे. माझा अनुभव ऐका. ज्या दिवशी आकडा चांगला येतो त्या दिवशी मी पोरांना शाबासकी देतो, की दुसऱ्या दिवशी आकडा खाली. ज्या दिवशी वाईट येतो त्या दिवशी झापतो, की दुसऱ्या दिवशी वर. आता बोला."

हे जगातल्या प्रत्येक साहेबाचं लाडकं शास्त्र आहे. नेमकं हेच एका इस्रायली विमानदलाच्या अनुभवी प्रशिक्षकाने डॅनियल कानेमान या मानसशास्त्रज्ञाला भर व्याख्यानात ऐकवलं होतं : शिकाऊ वैमानिकाची स्तुती केली की पुढचं उड्डाण बिघडतं, ओरडलं की सुधारतं. कानेमानने वाद घातला नाही. जमिनीवर खडूने खूण केली आणि तिथल्या अधिकाऱ्यांना सांगितलं, तिच्याकडे पाठ करा आणि न बघता दोन नाणी टाका. ज्यांचं पहिलं नाणं खुणेजवळ पडलं त्यांचं दुसरं बहुधा लांब गेलं आणि ज्यांचं पहिलं लांब गेलं त्यांचं दुसरं बहुधा जवळ आलं. कुणी शाबासकी दिली नव्हती, कुणी शिवी घातली नव्हती. फार चांगल्या दिवसानंतर साधा दिवस येतो आणि फार वाईट दिवसानंतरही साधाच दिवस येतो. साहेब मध्ये ओरडत उभा असतो, म्हणून श्रेय त्याला जातं. या कानेमानला पुढे 2002 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

मी ठरवलं, हा प्रयोग शॉपवर करायचाच. खडूने खूण केली, लगेच सेफ्टी ऑफिसर आला. "जमिनीवर पिवळ्या पट्ट्यांखेरीज काही काढायचं नाही." नाण्यांसाठी अकाउंट्सकडे गेलो, तर त्यांनी नाणी कोणत्या हेडखाली टाकायची म्हणून व्हाउचर मागितलं. शेवटी काकांनी खिशातून दोन रुपये काढले. प्रॉडक्शनच्या मॅनेजरनी पाठ केली आणि पहिलं नाणं टाकलं. बरोबर खुणेवर! पोरांनी टाळ्यांचा कडकडाट केला. दुसरं नाणं गेलं ते थेट कॉम्प्रेसरखाली.

"आता पटलं?" मी विचारलं.

"पटलं ना," ते म्हणाले. "टाळ्या वाजवल्या म्हणून बिघडलं."

नाणं अजून कॉम्प्रेसरखालीच आहे. काका आठवण करून देत असतात.

त्यानंतर मला खरी शंका आली की पोरांच्या डोक्यातला प्रलय पोरांनी एकट्याने तयार केलेला नाही. त्याला कच्चा माल आमच्या केबिनमधून जातो. आमच्या रिसेप्शनमध्ये एडवर्ड्स डेमिंग या अमेरिकी संख्याशास्त्रज्ञाचे चौदा मुद्दे सोनेरी फ्रेममध्ये लावलेत. याच गृहस्थांनी 1950 मध्ये जपानला जाऊन तिथल्या कारखानदारांना गुणवत्तेचे धडे दिले. पुढच्याच वर्षी जपान्यांनी त्यांच्या नावाने पारितोषिक सुरू केलं, इतका त्यांचा मान. आपल्याकडे ते पहिल्यांदा 1998 मध्ये सुंदरम-क्लेटनच्या ब्रेक विभागाला मिळालं. तेव्हापासून हे बक्षीस म्हटलं की वाहनधंद्यातल्या लोकांच्या तोंडाला पाणी सुटतं. तर या चौदातला दहावा मुद्दा असा, की कामगारांसाठी लावलेल्या घोषणा आणि उपदेशाचे फलक काढून टाका. तो आम्ही फलकावर लावलाय. आठवा मुद्दा, भीती घालवा. त्याच्या बरोबर खाली सोफा आहे. त्यावर मुलाखतीला आलेली मुलं आणि पेमेंट मागायला आलेले सप्लायर घामाघूम होऊन बसलेले असतात.

आमची सकाळची मीटिंग स्टोअरमधल्या पांढऱ्या बोर्डासमोर होते. बोर्ड काका लिहितात. त्या दिवशी मी तो प्रथमच नीट, जवळ जाऊन पाहिला. जो माल भरपूर आहे त्याचे आकडे हातभर उंच, हिरव्या मार्करने. जो कमी आहे तो उजव्या कोपऱ्यात, खालच्या ओळीत, मुंगीच्या अक्षरात. आणि त्यातलेही दोन आकडे बोटाने हलकेच पुसलेले. दिसले तर दिसले.

"काका, हे इतकं बारीक का?"

"साहेब, मोठं लिहिलं की तुम्ही मोठ्याने बोलता."

मी त्या दिवसापासून एकच नियम केला. वाईट बातमी घेऊन येणाऱ्याला माझं पहिलं वाक्य 'बरं झालं सांगितलंस' हेच असेल. चिठ्ठी लिहून टेबलाच्या काचेखाली सरकवली. वाचायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात 'ऑइल सील चारशे कमी आहेत' हे ऐकल्यावर ते तीन शब्द घशातून बाहेर काढणं म्हणजे चिंचोळ्या जिन्यावरून गोदरेजचं कपाट उतरवणं. पहिल्या वेळी मी दात आवळून, एकेक अक्षर सुटं करून "बरं, झालं, सांगितलंस," असं म्हणालो. देवगडच्या मुलाने फोल्डर पुन्हा घरून आणलं.

मग मी आवाजाचा सराव घेतला, घरी, बेसिनच्या आरशासमोर.

"कुणाला धमकी देताय?" आतून बायकोने विचारलं.

"धमकी नाही, प्रोत्साहन आहे."

"मग जरा मान खाली घालून म्हणा."

मान खाली घातल्यावर जमलं. आणि हळूहळू लोक बोलू लागले, ते थांबेचनात. टेंपोवाला पंक्चर झालं की थेट मला फोन करायचा. "साहेब, आधीच सांगून ठेवतो." एमआयएसचा मुलगा वाक्यं पूर्ण करू लागला. ताई अंदाज बांधायच्या आधी चौकशी करू लागल्या. कँटीनचा आचारी अकराच्या सुमारास आत डोकावून म्हणाला, "सर, आज आमटीत मीठ जास्त पडलंय." मी सवयीने म्हणालो, "बरं झालं सांगितलंस." तो भरून पावला. आमटी तशीच आली.

सगळ्यात मोठा फरक बोर्डावर पडला. तुटवड्याचे आकडे लाल मार्करने, सगळ्यात वर, अंगठ्याएवढ्या अक्षरात. संध्याकाळी कळायच्या त्या गोष्टी सकाळी कळू लागल्या आणि लाईन कमी वेळा थांबू लागली.

तिमाही संपली. मोठ्या साहेबांनी रिव्ह्यू घेतला. एक्सेल उघडून ते बराच वेळ नुसते खाली खाली जात राहिले.

"तुमच्या खात्यात अडचणी दुप्पट झाल्यात."

"साहेब, अडचणी तेवढ्याच आहेत. आता त्या सांगितल्या जातात."

"पण आकडा वाढलाय."

मी तयारी करून गेलो होतो. म्हटलं, "एमी एडमंडसन म्हणून एक अमेरिकन बाई आहेत. त्यांनी 1990 च्या दशकात हॉस्पिटलमधल्या टीम तपासल्या. चांगल्या टीमकडून औषधांच्या चुका कमी होत असतील, अशी त्यांची अपेक्षा होती. निघालं उलटंच, चांगल्या टीमच्या नावावर चुका जास्त! मग लक्षात आलं की तिथे चुका उघडपणे सांगितल्या जात होत्या. बाकीच्या ठिकाणी लोक गप्प बसत होते."

साहेबांनी चष्मा काढला. "आपण हॉस्पिटल चालवतो का?"

"नाही साहेब."

"पुरावा काय?" असं मी मनात म्हटलं, पण बोललो नाही. समोर अप्रेझलचा फॉर्म होता.

तरी साहेब माणूस म्हणून वाईट नाहीत. थोडा वेळ विचार करून ते म्हणाले, "ठीक आहे. लोक खरंच मोकळेपणाने बोलतात का, ते मी स्वतः बघतो. उद्या सकाळी मीच स्टोअरला फोन लावतो. कुणाला आधी काही शिकवून ठेवू नका."

दुसऱ्या दिवशी सकाळपासून ऑइल सीलचा टेंपो तळेगाव चौकात होता. काकांनी सात वाजताच मला लाईन, कस्टमर, बिल्डर, मॉल आणि पार्किंग हा सगळा प्रवास एका दमात करून दाखवला होता. बोर्डावर लाल अक्षरात 'ऑइल सील : 0'. मी निर्धास्त होतो. साहेबांना दाखवायला याहून चांगला दिवस मिळाला नसता.

साडेआठला फोन वाजला. काका उभे राहिले, टोपी सारखी केली आणि स्पीकर लावला. आम्ही सगळे भोवती जमलो.

"काका, नमस्कार. आज काय काय अडचणी आहेत, ते मोकळेपणाने सांगा. मी अजिबात रागावणार नाही."

मी मान हलवली. ताईंनी मान हलवली. देवगडच्या मुलाने बोर्डाकडे बोट दाखवलं. काकांनी लाल शून्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं. प्रलय बरोबरीच्या माणसांना सांगायचा असतो. वर काय सांगायचं, ते काकांच्या जिभेला कधीचं पाठ होतं.

"अडचण? छे छे, साहेब. आपल्या कृपेने सगळं ओके आहे."

त्याच क्षणी लाईन थांबल्याचा भोंगा अख्ख्या शॉपभर केकाटला.

"काका, हा आवाज कसला?"

"चहाचा, साहेब."

"साडेआठला चहा?"

"आजपासूनच सुरू केलाय, साहेब," काका म्हणाले. "लोकांत मोकळेपणा यावा म्हणून."